लेकुरमाळावरची जागा

"पण यानं खरंच आठवतं का रे?"

केवळनाथबुवांनी बाटली कानाशी नेऊन खुळखुळवली.

"आठवतं," श्रीरंग म्हणाला.

"कुणाला?"

"जो घेईल त्याला. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. आत ब्राह्मी आहे, शंखपुष्पी आहे, परदेशातल्या एका झाडाच्या पानांचा अर्क आहे."

"परदेशातलं झाड…" बुवांनी मान हलवली. "त्याला आपला माळ कसा ठाऊक असणार?"

श्रीरंग हसला नाही. त्यानं झाकण उघडून एक गोळी बुवांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"गिळा. माझ्यासमोर."

बुवांनी गोळी गिळली, तोंड पुसलं.

"संध्याकाळची घ्यायची आठवण राहावी म्हणून वेगळी गोळी मिळते का?"

श्रीरंग तेव्हाही हसला नाही.

तालुक्याच्या गावात श्रीरंग कुकडेचं औषधांचं दुकान होतं. तीस वर्षं तो एकाच काउंटरमागं उभा होता आणि त्याच्या स्मरणशक्तीचा गावात बोलबाला होता. लोक डॉक्टरांची चिठ्ठी घरी विसरून यायचे आणि तरीही बरोबर औषध घेऊन जायचे. कुणाला रक्तदाबाची कोणती गोळी, किती ताकदीची, कुणाच्या म्हातारीला कशाची ॲलर्जी, हे तो मान वर न करता सांगायचा. याचा त्याला अभिमान होता आणि तो त्यानं कधी लपवला नव्हता.

अशा माणसाला स्वतःच्या लेकीची जागा ठाऊक नव्हती.

बुवांच्या मठीमागून जमिनीचा एक पट्टा ओढ्यापर्यंत उतरत गेला होता. त्याला लेकुरमाळ म्हणत. अग्नी देण्याइतकी मोठी न झालेली मुलं आसपासच्या गावांतून तिथं पुरायला आणली जात. माळावर दगड ठेवायचा नाही, नाव लिहायचं नाही, रोप लावायचं नाही. बापानं बांधापर्यंत यायचं, गाठोडं मठीतल्या नाथाच्या हाती द्यायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मागं वळून बघायचं नाही. आयांनी तर यायचंच नाही. पुढचं सगळं नाथ करी.

तेवीस वर्षांपूर्वी श्रीरंग असाच बांधापर्यंत, याच बुवांकडं आला होता. जुई नऊ महिन्यांची होती. ताप तीन दिवस होता.

आता कांचनला, त्याच्या बायकोला, शहरातल्या डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. "काय हवं ते खाऊ द्या," असं ते म्हणाले होते. हे वाक्य श्रीरंगनं काउंटरपलीकडून इतक्या लोकांच्या तोंडी ऐकलं होतं, की त्याचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कांचन म्हणाली, "अहो, एक मागू?"

"माग."

"माझं झाल्यावर मूठभर राख तिच्याजवळ टाका. बाकीची कुठं न्यायची तिथं न्या… जागा ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे," श्रीरंग म्हणाला.

त्या दिवशी तो मठीत पहिल्यांदा आला. बुवा ऐंशीच्या घरात पोचलेले, पण पाठ ताठ. त्यांनी नाव विचारलं नाही, वर्ष विचारलं नाही. श्रीरंगनं "माझी लेक कुठं आहे?" एवढंच विचारलं आणि बुवांनी बसल्या जागेवरून हात केला.

"त्या बाभळीखाली."

श्रीरंग बाभळीखाली गेला. बराच वेळ उभा राहिला. मग खाली बसला आणि तेवीस वर्षांत रडला नव्हता तितका रडला.

घरी कांचन जागी होती.

"कुठं आहे हो?"

"बाभळीखाली."

"सावली आहे?"

"आहे."

"बरं झालं," ती म्हणाली आणि त्या दुपारी तिनं दोन घास जास्त खाल्ले.

आठवड्यानं तो पुन्हा गेला. पिशवीत चुना होता. दगड ठेवायचा नसला तरी बाभळीच्या बुंध्याला चुन्याचं एक बोट ओढलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? तो वाकला तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करतोस?"

"खूण करतोय, बुवा."

"कसली?"

"माझ्या लेकीची. तुम्हीच दाखवलीत ना जागा?"

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं, बाभळीकडं पाहिलं.

"इथं कुठं? ती तिकडं… ओढ्याच्या अंगाला."

चुन्याची पिशवी श्रीरंगच्या हातात तशीच राहिली. त्या रडण्याचं काय करायचं, हे त्याला कळेना. कांचनला त्यानं काही सांगितलं नाही. तिनं सावली मनाशी धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाटली घेऊन आला.

त्यानंतर एक दिवसाआड त्याची स्कूटर मठीपुढं उभी राहू लागली. तो आधी बाटली तपासायचा, मग बुवांना.

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"काल काय जेवलात?"

"भाकरी, शेंगदाण्याची चटणी. चटणीत मीठ कमी होतं. तू परवा निळा सदरा घालून आला होतास, वरून दुसरं बटण नव्हतं. आजही नाही. घरात सुईदोरा नाही का?"

"बायको आजारी आहे."

"मग स्वतः लाव. गोळ्या मोजता येतात तर बटण लावता येईल."

 बुवांना सगळं आठवत होतं. शेळी कधी व्याली, ओढ्याला शेवटचं पाणी कधी आलं, मठीचं दार कुणी बसवून दिलं आणि त्या सुताराला किती मुली होत्या. सारं बिनचूक. मग तो विचारायचा:

"आणि जुई कुठं आहे?"

बुवांचा हात उठायचा. एकदा ओढ्याकडं, एकदा तरवडाच्या झुडपाकडं, एकदा अगदी मठीच्या मागच्या भिंतीशी.

श्रीरंगनं एक गोळी वाढवली. कांचनचे हात आता बांगडी राहू नये इतके बारीक झाले होते.

चौथ्या आठवड्यात त्यानं बुवांचं रक्त काढलं. आपल्या ओळखीच्या लॅबमध्ये स्वतः नेऊन दिलं. त्याच्या मनात हिशेब पक्का होता. म्हातारा माणूस, कोरडं जेवण, अंगात बी-बारा जीवनसत्त्व नसणारच, म्हणून विसर पडतो. ते कमी निघालं तर इंजेक्शनं द्यायची. पंधरा दिवसांत फरक. असा फरक त्यानं डोळ्यांनी पाहिला होता.

रिपोर्ट आला. सगळं जिथल्या तिथं होतं. श्रीरंगच्या स्वतःच्या रक्तापेक्षा चांगलं.

रिपोर्ट हातात धरून तो दुकानात बसून राहिला आणि पहिल्यांदा घाबरला. काही कमी असतं तर भरून काढता आलं असतं.

त्या दिवशी मठीत गेल्यावर त्यानं काहीच विचारलं नाही. बुवांनीच विचारलं.

"खरंच आठवतं का रे यानं?"

तोच प्रश्न. पण या वेळी बाटली बुवांच्या हातात नव्हती, दोघांच्या मधोमध जमिनीवर होती.

श्रीरंग म्हणाला, "अभ्यास झालेत त्यावर…"

"अभ्यास नाही विचारला."

"काही लोकांना बरं वाटतं."

"बरं वाटतं का, हेही नाही विचारलं."

बाहेर शेळी ओरडली. श्रीरंगनं बाटलीकडं पाहिलं. परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या आया ही बाटली नेत. नवऱ्याला आपलं नाव आठवेनासं झालेल्या बायका नेत. "फरक पडेल ना हो?" असं विचारत आणि तो मान वर न करता म्हणे, "पडेल."

"अंगात काही कमी असेल," तो हळू म्हणाला, "तर त्या कमीपुरता उपयोग होतो. तेही डॉक्टरनं तपासून दिलं तर. बाकी… नाही. बाकीच्यांना नाही होत."

"हे कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि मला का देत होतास?"

श्रीरंगनं बाटलीचं झाकण पिळून घट्ट केलं. मग म्हणाला, "या वेळी होईल असं वाटलं."

बुवांनी मान हलवली. त्यात हसू नव्हतं. त्यांनी बाटली उचलली, एक गोळी काढली आणि पाण्याशिवाय गिळली.

"आता का घेतलीत?" श्रीरंग जवळजवळ ओरडला.

"सकाळची राहिली होती."

*

कांचन बुधवारी सकाळी गेली. शेवटचे दोन दिवस ती बोलली नाही. त्याआधी एकदा म्हणाली होती, "बाभळीखाली ना?" आणि श्रीरंगनं "हो" म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. मेहुणा कलश घेऊन संगमावर जायला निघाला. श्रीरंगनं त्याच्या नकळत एक मूठ रुमालात बांधून घेतली होती. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो," असं सांगून तो मठीकडं वळला.

बुवा बांधावरच उभे होते. हातात फावडं होतं. माळावर दोन नवे खड्डे दिसत होते, रिकामे.

"बुवा, ती गेली."

"कळलं."

"मूठभर आणलीय." श्रीरंगनं रुमाल दाखवला. "आज खरं सांगा. मी पाया पडतो. कुठं?"

बुवा माळाकडं पाहत राहिले… मग म्हणाले, "मला ठाऊक नाही."

"विसरलात."

"नाही. विसरायला आधी ठाऊक असावं लागतं."

श्रीरंगला समजलं नाही. बुवांनी फावडं बांधाला टेकवलं.

"खड्डे आधी घेऊन ठेवतो. दोन, तीन. गाठोडं हातात आलं की डोळ्यांवर हे बांधायचं." त्यांनी खांद्यावरचं भगवं फडकं दाखवलं. "पायाला जो खड्डा लागेल तो. माती सारखी करायची. मग उरलेलेही बुजवायचे आणि डोळे न सोडता माळभर फिरायचं. कुठून निघालो ते पायांना कळेनासं होईपर्यंत. माझ्या गुरूंनी मला एवढी एकच विद्या दिली."

"ही विद्या?"

"बारा वर्षं जमत नव्हती. डोळे बांधले तरी कळायचं. झोपेतसुद्धा पाय बरोबर तिथं जायचे. गुरू म्हणायचे, अजून फीर. तेराव्या वर्षी कळेनासं झालं."

"पण कशासाठी?"

"एक आई आली होती. माझ्या गुरूंच्या गुरूंच्या वेळी. फार रडली म्हणून त्यांनी जागा सांगितली. सकाळी उठून बघतात तर तिनं हातांनी माती उकरलेली…"

 बुवांनी स्वतःचे हात वर धरून नखांकडं पाहिलं. 

श्रीरंगचा आवाज चढला. "मग बाभळ? ओढा? मला का दाखवत होतात?"

"तू विचारत होतास. हात उठायचा. इथं हात कुणीकडंही गेला तरी कुणीतरी असतंच."

"मला खरी जागा हवी होती!"

"तुझ्या दुकानात येणाऱ्यालाही खरं औषध हवं असतं."

श्रीरंगनं रुमाल मुठीत आवळला. शिवी तोंडापर्यंत आली होती. ती गिळून तो म्हणाला, "आणि दीड महिना गोळ्या खाल्ल्यात! काहीच आठवणार नव्हतं तर कशाला खाल्ल्यात?"

"तू म्हणालास, जो घेईल त्याला आठवतं. म्हटलं, गुरूंनी दिलेलं किती खोल गेलंय ते बघू."

"आणि?"

"जागा आली नाही."

"एक तरी आठवण आली का? माझ्या लेकीची? कपडा, काही…"

"लेकीची नाही. लेकरांकडं मी बघत नाही."

बुवा त्याच्याकडं वळले.

"तुझी आहे."

"माझी?"

"बांधावर तू इथंच उभा होतास. गाठोडं दिलंस. मग मला विचारलंस… 'मला थांबावं लागतं का? दुकान उघडायचंय.'"

ओढ्याकडून वारा आला. तरवडाची झुडपं हलली.

"मी असं म्हणालो नाही," श्रीरंग म्हणाला.

बुवांनी फावड्याला लागलेली माती बोटानं काढली.

"नाही म्हणालो. मागं बघायचं नसतं म्हणून मी गेलो. रीत आहे. बघितलं असतं तर मी विसरलो नसतो. मी काही विसरत नाही…"

तो बोलत होता आणि बोलता बोलता त्याला शटरचा आवाज ऐकू येऊ लागला. घर दुकानाच्या वरच होतं. त्या दिवशी दुपारी त्यानं शटर वर सरकवलं तेव्हा ते मध्येच अडकलं होतं आणि त्याला दोन वेळा जोर लावावा लागला होता. वरच्या खोलीत कांचन भिंतीकडं तोंड करून पडली होती. पहिलं गिऱ्हाईक खोकल्याच्या औषधाचं होतं. त्याला किती चमचे घ्यायचे ते त्यानं नीट समजावून सांगितलं होतं.

कांचननं ते कधी बोलून दाखवलं नाही. तेवीस वर्षांत एकदाही नाही. आजारपणात तिनं फक्त विचारलं होतं, जागा ठाऊक आहे ना तुम्हाला?

श्रीरंग बांधावर बसला. 

त्यानं विचारलं, "हे गोळ्यांनी आठवलं तुम्हाला?"

"नाही. हे कधी गेलंच नव्हतं. जागा विसरण्याची विद्या गुरूंनी दिली. माणसं विसरण्याची त्यांच्याकडंही नव्हती."

ऊन चढत होतं. संगमावर मेहुणा वाट पाहत असणार होता. श्रीरंगनं रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"मग ही मी कुठं टाकू?"

बुवा त्याच्या मागं आले. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि श्रीरंगच्या डोळ्यांवरून घेऊन मागं घट्ट गाठ मारली. फडक्याला मातीचा आणि घामाचा वास होता.

"ऊठ. चपला काढ."

श्रीरंग उठला. बुवांनी खांद्याला धरून त्याला गरकन फिरवलं, मग उलटं फिरवलं आणि पाठीवर हात टेकवला.

"चल."

तो चालू लागला. माती आधी टणक लागली, मग भुसभुशीत. काटा मोडला. तो थांबला नाही. ऊन उजव्या गालावर होतं, म्हणजे ओढा समोर. सोळा, सतरा, अठरा… इथं उतार. म्हणजे बाभळ डाव्या हाताला…

"मोजू नकोस," मागून बुवा म्हणाले.

"मोजत नाही."

"ओठ हलतायत."

बुवांनी त्याला पुन्हा फिरवलं. तो पुन्हा चालला. पुन्हा आकडे आले. पुन्हा फिरवलं. किती वेळा, ते त्याला आधी कळत होतं, मग कळेना. ऊन एका गालावरून दुसऱ्या गालावर गेलं, मग डोक्यावर आलं आणि कुठूनच येईनासं झालं. पायांखालची माती सगळीकडं सारखीच लागू लागली. आकडे तुटले. मठी कुठं, बांध कुठं, रस्ता कुठं, काही उरलं नाही. बायकोची राख हातात धरून तो एका अशा जागी उभा होता, जी त्याला पुन्हा कधीही सापडली नसती.

पाठीवरचा हात केव्हा निघाला, तेही त्याला समजलं नाही.

"बुवा?"

"आहे."

"इथं?"

"मला ठाऊक नाही."

त्यानं चाचपडत रुमालाची गाठ सोडली. राख मुठीत घेतली. हलकी होती, तिच्यात एक टोकदार तुकडा होता. त्याची मूठ उघडेना.

"बुवा…" फडक्याच्या आत त्याचे डोळे भरले होते. "ही चुकीच्या जागी पडली तर? लेक एकीकडं आणि ही एकीकडं… तर?"

 बुवांचा आवाज आला. जवळून की लांबून, ते त्याला सांगता आलं नसतं.

"तू सोड. शोधायचं काम आईचं आहे."